जुन्या भिंतीचे रंग

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला बांधतात. दगड, विटा, जुनी पोती, माती असे मिळेल ते साहित्य गोळा होते आणि पाहता पाहता डोंगर उभा राहतो. त्यावर तट चढतात, बुरूज येतात, दरवाजे बसतात. उतारावर मोहरी किंवा अळीव पेरले जाते आणि चार दिवसांत हिरवळ उगवते. शेवटी शिखरावर शिवाजी महाराज आणि वाटेवर मावळे आपापल्या जागा घेतात. वर्धा जिल्ह्यात या कामी एक अडचण असते. येथील जमीन काळी, कापसाची. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांच्या उन्हात भेगाळून जातो. म्हणून जाणती मुले तीत रेती आणि कुटार कालवतात व मगच कामाला हात घालतात.

अलीकडे या किल्ल्याच्या पायथ्याशी आजचे जगही दिसू लागले आहे. कोणी पुठ्ठ्याचा पूल करतो, कोणी पाण्याची टाकी, तर कोणी धरणाची भिंत. पण एक गोष्ट ध्यानात येते. मातीचा किल्ला कितीही ओबडधोबड असला तरी तो खरा वाटतो आणि पुठ्ठ्याचा पूल कितीही मोजूनमापून केलेला असला तरी साबणाच्या वडीसारखा दिसतो. याचे कारण मापात नसते, रंगात असते. मुलाने काळा आणि पांढरा रंग मिसळून करडा रंग तयार केलेला असतो आणि तो पुलाला वरपासून खालपर्यंत सारखा फासलेला असतो. 'पूल करडा असतो' एवढे एक वाक्य त्याने रंगवले. पूल मात्र पाहिला नाही. खऱ्या पुलावर, त्यातही दहावीस पावसाळे पाहिलेल्या पुलावर, सारखा करडा रंग हातभर जागेतसुद्धा सापडत नाही.

काँक्रीट म्हणजे मूळचा दगडच. फक्त माणसाने फोडून पुन्हा जोडलेला. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजले आणि त्यात थोडा जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार होते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीच्या खाणी असल्यामुळे गडचांदूर, आवारपूर या भागात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्याने या पदार्थाचे पेटंट घेतले आणि पोर्टलंड येथील प्रसिद्ध इमारती दगडासारखा तो दिसतो म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' हे नाव दिले. दगडाची नक्कल म्हणूनच जे जन्माला आले, त्याची आता पुठ्ठ्यावर नक्कल करायची आहे, हा योग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे. सिमेंटमध्ये रेती, गिट्टी आणि पाणी मिसळले की काँक्रीट होते. वर्ध्याकडची गिट्टी काळ्या बेसॉल्ट दगडाची असते. सिमेंटचा वरचा पातळ थर झिजला की ही काळी गिट्टी उघडी पडते आणि भिंतीवर तिळासारखे ठिपके दिसू लागतात. शिवाय ओले काँक्रीट ज्या फळ्यांच्या साच्यात ओततात, त्या फळ्यांच्या कडा आणि लाकडाच्या रेषाही त्यावर उमटतात. एका दिवसाचे काम जेथे थांबले आणि दुसऱ्या दिवशी जेथून पुढे सुरू झाले, तेथे एक आडवी रेघ कायमची राहते. म्हणजे पूल जन्माला येतो तोच अंगावर खुणा घेऊन.

सेवाग्राम येथील बापूकुटीच्या भिंती मातीच्या आहेत. मीराबेन यांनी त्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि मोर आजही पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. मातीच्या घराची एक रीत असते. पावसाने भिंत धुपली, कोठे पोपडा पडला की घरातील माणसे पुन्हा माती लावतात, सारवतात आणि भिंत नवी होते. तिचे वय दर वर्षी पुसले जाते. काँक्रीटला असे कोणी सारवत नाही. ते टिकाऊ आहे या भरवशावर माणूस त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि मग ऊन, पाऊस, धूळ, वारा जे जे येईल ते ते त्या भिंतीवर आपली नोंद करून जाते. ही नोंद वाचता आली पाहिजे; रंगाची डबी उघडण्याची वेळ त्यानंतर येते.

पहिली नोंद पाण्याची असते. एखाद्या जुन्या पुलाजवळ, पाण्याच्या टाकीखाली अथवा शाळेच्या कुंपणाच्या भिंतीसमोर उभे राहून पाहिले तर वरून खाली ओघळलेले काळपट पट्टे दिसतात. ते कोठेही नसतात. कठड्याच्या माथ्यावर धूळ साचते, पावसाचे पाणी ती घेऊन खाली उतरते आणि जेथे सांधा असेल, पन्हळ असेल, खिडकीच्या खालच्या पट्टीचा कोपरा असेल तेथूनच ओघळते. छज्ज्याच्या खाली मात्र भिंत कोरडी आणि फिकट राहते, कारण छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेजवळ गवंड्याने एक बारीक खाच ठेवलेली असते. पाणी त्या खाचेपाशी येते आणि आत न शिरता थेंब होऊन खाली पडते. खाच बुजली की पाणी आत सरकते आणि भिंतीवर डाग उतरू लागतो. या पट्ट्यांचा काळा रंग केवळ धुळीचा नसतो. ओल्या जागी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ वाढते. पावसाळ्यात ते हिरवे असते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की ते सुकून काळे पडते आणि पुढच्या पावसाची वाट पाहत भिंतीला चिकटून राहते. म्हणून दिवाळीच्या सुमारास जुन्या भिंतीवर दोन्ही रंग एकदम दिसतात. सावलीत हिरवा, उन्हात काळा. उत्तरेकडील बाजूला वर्षातील बराच काळ ऊन कमी मिळते, तेथे हिरवा रंग अधिक रेंगाळतो. पायथ्याशी आणखी एक पट्टा असतो. पावसाचे थेंब जमिनीवर आपटतात आणि काळी माती उडून भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत बसते. हा पट्टा खाली गडद असून वर जाताना विरळ होत जातो. ज्याने तो एकदा नीट पाहिला, तो चित्रात त्याची सरळ रेघ कधीही मारणार नाही.

दुसरी नोंद पांढरी असते. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होताना काँक्रीटच्या पोटात विरी गेलेला चुना तयार होतो. भेगेतून पाणी झिरपले की थोडा चुना त्यात विरघळून बाहेर येतो, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूशी त्याचा संयोग होतो आणि त्याची पुन्हा चुनखडी बनते. भट्टीत गेलेली चुनखडी अशी परत येऊन भिंतीवर पांढरी रेघ ओढते. पुलाखालच्या छताला याच चुनखडीच्या लहान लहान नळ्या लोंबताना दिसतात. विटांच्या भिंतीवर क्षारांची जी पांढरी बुकटी फुटते आणि जिला आपण लोणा म्हणतो, ती या रेघेची जवळची बहीण होय.

तिसरी नोंद तांबडी, आणि तीच सर्वांत गंभीर. काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसू शकत नाही. तो ताण सळ्या सोसतात. नव्या काँक्रीटमधील चुन्यामुळे या सळ्यांभोवती असे क्षारीय वातावरण असते की त्यांना गंज चढत नाही. परंतु वर्षानुवर्षे हवा आत झिरपत जाते, चुन्याचे हे कवच हळूहळू निकामी होते आणि पाणी व हवा सळईपर्यंत पोहोचतात. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो आतून काँक्रीटला रेटतो. आधी सळईच्या रेषेत एक बारीक भेग पडते, मग त्या भेगेतून तांबूस पाणी ओघळते आणि शेवटी ढलपा निघून गंजलेली सळई उघडी पडते. चित्रकाराच्या दृष्टीने तांबडा ओघळ शोभिवंत असेल. पुलाच्या दृष्टीने ती हाक असते. पुलाची तपासणी करणारा अभियंता अशा ठिकाणी हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर आतील थर सुटला आहे असे तो समजतो. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा काही भाग संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोसळला आणि सात माणसे प्राणास मुकली. त्या पुलाची तपासणी त्याआधी झालेली होती आणि तो किरकोळ दुरुस्तीच्या योग्यतेचा ठरवला गेला होता; नंतरच्या चौकशीत मात्र त्याच्या लोखंडी भागांना लागलेल्या गंजाकडे बोट दाखवले गेले. डोळ्यांसमोर असलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले, यांत केवढे अंतर असू शकते!

आता पुठ्ठ्याच्या पुलाकडे वळू. तो किती लहान करायचा हे आधी ठरवावे लागते. समजा, पन्नास मीटर लांबीचा पूल एक मीटरचा केला. म्हणजे प्रत्येक वस्तू पन्नास पटींनी लहान झाली. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस तेथे ३.३ सेंटिमीटरचा होईल. २० मिलिमीटरची गिट्टी ०.४ मिलिमीटरची होईल. अर्थात गिट्टीच्या जागी बारीक चाळलेली रेती वापरावी लागेल. येथवर सोपे आहे. पण भेगेचे काय? खऱ्या पुलावरील दोन मिलिमीटर रुंदीची भेग या पुलावर ०.०४ मिलिमीटर होते आणि माणसाचा केससुद्धा सर्वसाधारणपणे याहून जाड असतो. उलट, मुलाने शाईच्या पेनाने अर्धा मिलिमीटर रुंदीची रेघ ओढली तर खऱ्या पुलावर ती अडीच सेंटिमीटर रुंदीची फट ठरेल. अशा पुलावरून बैलगाडी नेण्याचे धाडस कोण करील? म्हणून बारीक भेग काढण्याच्या नादी न लागता तिच्याभोवती पसरलेला ओलसर डाग तेवढा दाखवावा; भेग पाहणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होते.

रंगाचेही असेच गणित असते. हा लहान पूल एक मीटर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा पूल पन्नास मीटर अंतरावरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून गंज भडक दिसत नाही आणि काळा रंगही निखळ काळा दिसत नाही. मधल्या हवेने सर्वच रंग किंचित फिके झालेले असतात. यासाठी प्रत्येक रंग जवळून दिसतो त्याहून थोडा पांढरट ठेवावा लागतो. अमेरिकेत रेल्वेच्या लघुप्रतिकृती करणाऱ्यांमध्ये जॉन ॲलन या कारागिराचे नाव आदराने घेतले जाते. अनेक हौशी कारागीर जेव्हा आपली इंजिने आणि स्टेशने नव्यासारखी चकचकीत ठेवत, तेव्हा त्याने ती धुळकट, काजळलेली, उन्हापावसाने विटलेली दाखवली आणि त्यामुळेच ती खरी वाटली. १९७३ साली तो वारला; आज जगभर हे काम करणारे लोक त्याच वाटेने जातात.

रंगवण्याची रीत एकदा कळली की तिच्यात अवघड असे फारसे काही नाही. एकच धोरण सांभाळायचे: काळाने ज्या क्रमाने काम केले, त्याच क्रमाने हात चालवायचा. प्रथम पूल बांधला गेला. तेव्हा पुठ्ठ्यावर डिंक लावून चाळलेली रेती भुरभुरावी आणि फळ्यांच्या रेषा बोथट सुईने दाबून उठवाव्यात. मग मूळ रंग. तो केवळ काळ्यापांढऱ्याचा नसावा. त्यात चिमूटभर पिवळी माती घातली की सिमेंटचा उबदार करडा रंग साधतो. काही फळ्यांच्या जागा किंचित फिकट, काही किंचित गडद ठेवाव्यात. येथे एक दक्षता घ्यावी. पोस्टर रंग वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो. त्यावर ओला कुंचला दोनदा फिरवला की सगळा चिखल होतो. ॲक्रिलिक रंग एकदा वाळला की सुटत नाही. म्हणून मूळ रंग ॲक्रिलिकचा असेल तर पुढचे काम निर्धास्तपणे करता येते.

यानंतर पाऊस पडू द्यावा. काजळीसारखा काळा आणि थोडा तपकिरी रंग भरपूर पाण्यात मिसळून, चहापेक्षाही पातळ करून, तो पुलावर सोडावा. पाणी आपोआप खोलगट जागी, रेषांत, कोपऱ्यांत जाऊन बसते. वाळल्यावर रंग तेथेच राहतो. मग ऊन. कुंचल्यावर फिकट रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि तो कोरडा कुंचला कडांवरून, रेतीच्या कणांवरून अगदी हलके फिरवावा. उंच भागांनाच रंग लागतो आणि झिजलेली कड उजळून दिसते. पुष्कळ मुले येथे घाई करतात, कुंचला पुरेसा कोरडा करीत नाहीत आणि सर्व पूल पुन्हा पांढरा करून बसतात. मग ओघळ काढावेत. कठड्याच्या सांध्यापाशी गडद रंगाचा लहानसा ठिपका द्यावा आणि तो ओला असतानाच स्वच्छ, ओलसर कुंचल्याने सरळ खाली ओढावा. ओघळ वर गडद आणि खाली अस्पष्ट होतो. तो तिरका मात्र जाता कामा नये. पाणी गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडत नाही, आणि पूल टेबलावर आडवा ठेवून रंगवणाऱ्याच्या हातून हीच चूक हमखास होते.

गंज आणि लोणा यांच्या बाबतीत एक नवल आहे. गेरू म्हणजे निसर्गातील लोहाचा ऑक्साइड. गंज हाही त्याच कुळातला. पिवळ्या मातीचा पिवळेपणाही लोहामुळेच येतो. तेव्हा गेरू आणि पिवळी माती पाण्यात कालवून काढलेला ओघळ हा केवळ गंजासारखा दिसत नाही. तो गंजाचा भाऊबंदच असतो. तसेच पांढऱ्या रेघेचे. पांढरा रंग वापरण्याऐवजी, विरी गेलेला चुना पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्यावा आणि वरची नितळ निवळी बारीक कुंचल्याने सोडावी. सोडताना काहीच दिसत नाही. पाणी उडून जाते, हवा लागते आणि हळूहळू पांढरा पापुद्रा उमटतो. पुलाखाली जे घडते तेच येथे टेबलावर घडते. मात्र ही निवळी डोळ्यांत गेल्यास इजा होते. घरातील वडीलधाऱ्यांना सांगूनच ती घ्यावी आणि काम होताच हात धुवावेत. तांबड्या ओघळाबाबत हात आखडता असावा. संपूर्ण पुलावर तो दोनतीन ठिकाणीच यावा, आणि तोही सळईच्या रेषेत, ढलपा निघाल्याच्या जागी. ज्या पुलावर दहा ठिकाणी गंज ओघळतो आहे, त्यावर रहदारी बंदच झालेली असायची.

शेवटी शेवाळ आणि माती. उत्तरेच्या बाजूस, खांबांच्या तळाशी आणि पन्हळीच्या खाली स्पंजच्या तुकड्याने हिरवट काळा रंग टिपावा. पायथ्याच्या पट्ट्यासाठी रंगाची गरजच नाही. अंगणातील काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवावी, जुन्या दातांच्या ब्रशवर घ्यावी आणि अंगठ्याने तिचे तुषार खालून वर उडवावेत.

दिवाळी सरली की किल्ला मोडतो; माती पुन्हा अंगणात मिसळते आणि मावळे डब्यात जातात. पूल तेवढा माळ्यावर किंवा कपाटावर राहतो आणि वर्षभर त्यावर घरातील धूळ बसते. जुना पूल आणखी जुना दिसेल म्हणून काही मुले ती तशीच राहू देतात. ती पुसून टाकावी. घरातील धुळीचा एक साधा तंतू दोन सेंटिमीटर लांबीचा धरला, तरी या पुलावर तो एक मीटर लांबीचा दोर होऊन पडलेला असतो.